हेडफोनची हिफाजत

२४ जानेवारी २०१६, रविवार. संध्याकाळी ७

बियाणेवाल्यांनी फुकट दिलेली डायरी कोरीच पडली होती. आजपासून लिहिणार. घरात जिम्मेदारीची वस्तू आली आहे.

आमची लेक गौरी सकाळच्या गाडीनं हैदराबादहून आली. सोबत काळी पेटी. पेटीत हेडफोन. कानात खुपसायचे नव्हेत, अख्खा कान झाकणारे, गादीवाले, बिनवायरचे. किंमत ऐकून सौ. खालीच बसली. एवढ्यात आमच्या उदगिरात चालू कंडिशनची जुनी मोटारसायकल येते.

हेडफोन अव्वासाठी. अव्वा म्हणजे माझी आई सिद्धम्मा, वय ७९. दोन्ही कान चाललेत. लातूरच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर सांगितलं होतं की नस सुकत चालली, पाच-सहा महिने फार तर, जे ऐकवायचं ते आत्ताच ऐकवून घ्या. कानातलं मशीन नुसत्या शिट्ट्या मारतं. मोबाईलच्या स्पीकरवर तिला खरखर ऐकू येते. म्हणून पोरीनं हे आणलं.

ऐकवायचं काय, तर अण्णांची कॅसेट. माझे वडील गुरुबसप्पा. जाऊन एकोणीस वर्षं झाली. १९८७ साली घरात सोमवारचं भजन टेप केलं होतं, ते गौरीनं साफसूफ करून माझ्या मोबाईलमध्ये घातलं. भजन संपतं आणि टेप बंद व्हायच्या आत अण्णांचा आवाज येतो, सिद्धे, चहा टाक. मग माझ्यावर, माणक्या, हात नको लावू, मोडशील. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो.

गौरीनं हेडफोन अव्वाच्या कानावर बसवले. अव्वा दचकली. मग ताठ झाली. शेवटाला एकदम ओरडलीच, हेच की, हेच! चहा मागायलेत की! आणि खरंच उठून गॅसकडं निघाली. माझेही डोळे भरले, खोटं कशाला लिहू.

पण तेवढ्यात माझं लक्ष गेलं. अव्वाच्या डोक्याला तेल. चपचपीत. ती गादी कसली नाजूक! झटकन काढून घेतले. थोडक्यात वाचले. गौरी चिडली. रोज अर्धा तास अव्वाला ऐकवायचं, असं माझ्याकडून तीनदा कबूल करून घेतलं. मी सांगितलं, बिनघोर जा, हिफाजत माझ्याकडं लागली.

२६ जानेवारी, मंगळवार

गौरी पहाटे गेली. झेंड्याला गेलो. शेजारचे श्रीपादराव, रिटायर्ड हेडमास्तर, महिनाभर सांगून राहिले होते की आज उदगीर जिल्हा जाहीर होणार, खबर पक्की. भाषण झालं. जिलेबी मिळाली, जिल्हा नाही. आता १ मे म्हणतात.

माझं गणित सरळ आहे. जिल्हा झाला की कलेक्टर. कलेक्टर आला की रस्ते डांबरी. रस्ते डांबरी की धूळ बंद. तोवर पेटी कपाटात. सध्याच्या धुळीत उघडणं म्हणजे गव्हाच्या पोत्यात घड्याळ टाकणं.

पण अव्वाला वंचित ठेवणार नाही. ज्या दिवशी तिचं डोकं धुतलेलं असेल, त्या दिवशी ऐकवायचं. हे ठरलं.

३ फेब्रुवारी, बुधवार

डोकं धुवायला पाणी नाही. टँकर बारा दिवसांनी आला. सगळ्यांत आधी अव्वालाच कळलं. हॉर्न कोपऱ्यावर वाजला की ती ओट्यावरून ओरडते, गाडी आली गं! मग गल्ली घागरी घेऊन पळते. गेले तीन उन्हाळे हे खातं तिच्याकडंच आहे. डॉक्टर काहीही म्हणोत, हॉर्न ऐकू येतो म्हणजे कान शाबूत. घाई नाही.

एक बादली अव्वाच्या डोक्यासाठी झाकून ठेवली.

५ फेब्रुवारी

कपाटाच्या फळीवर बोट फिरवलं. धूळ. पेटीच्या भोवतीसुद्धा. कपाट खालपासून वरपर्यंत ओल्या फडक्यानं पुसलं, दोनदा. बादली संपली. अव्वाचं डोकं पुढच्या टँकरला.

१९ फेब्रुवारी

टँकर आला. सौ.नं पाणी सरळ पिण्याच्या टाकीत ओतलं. म्हणे, आधी घसा, मग डोकं. हिला वस्तूची किंमत नाही.

७ मार्च, सोमवार. महाशिवरात्र

सकाळी अव्वा पूजेला बसली. गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं, चमचाभर पाण्यात स्नान घातलं, विभूती लावली, परत वस्त्रात बांधून गळ्यात. झाल्यावर मला म्हणाली, माणिक, ते आण. त्यांचा आवाज ऐकते, आज सोमवार हाय.

मी तिच्या कानापाशी जाऊन समजावलं. धूळ, तेल, घाम. वस्तू जपली तर वीस वर्षं टिकेल. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, लिंग गळ्यात हाय तोवर लिंग हाय. कपाटात ठेवलं की गोटा.

बोलायला सोपं आहे. लिंगाला बॅटरी नसते.

२७ मार्च, रविवार. दुपारी ३

एकेचाळीस डिग्री. कपाटाला हात लावला तर चटका. पेटी घेऊन श्रीपादरावांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून इंग्रजी माहितीपत्रक वाचलं. कूल अँड ड्राय जागेत ठेवावे, असा स्पष्ट हुकूम आहे. ड्राय म्हणाल तर अख्खा तालुका आहे. कूल कुठून आणू?

आणि एकदम सुचलं. धान्याच्या मोंढ्यातलं आपलं दुकान! आतली खोली, दगडी भिंत, बिनखिडकीची. तिथं आम्ही घरच्या खाण्याची तूर डाळ ठेवतो. तीन पिढ्या ठेवतो. आजपर्यंत एक किडा निघाला नाही. माझ्या हाताशी शास्त्र असताना मी इंग्रजी कागद वाचत बसलो होतो.

२८ मार्च, सोमवार

काम फत्ते. नोंद करून ठेवतो, पुढं कुणाच्या उपयोगी पडेल.

डाळीला जे करतो तेच केलं. दोन्ही गाद्यांना एरंडेल हातानं हळूहळू चोळून लावलं, कोपरे-बिपरे धरून. कातडं लगेच मऊ पडलं, चकाकायला लागलं. मग पत्र्याचा डबा, खाली कडुलिंबाचा पाला, मध्ये हेडफोन, वर परत पाला, झाकणाला सेलोटेप. मुंगी शिरणार नाही.

सौ. म्हणाली, अव्वाचं तेल चालत नव्हतं, तुमचं कसं चाललं? मी म्हटलं, अगं, ते खोबरेल. हे एरंडेल. फरक आहे.

धुरपताबाई आमच्याकडं धुणीभांडी करते आणि टँकरवर घागरी भरते. ती डब्याकडं बघत उभी होती. म्हणाली, मालक, हे कानाला लावायचं हाय का लोणचं घालायचं हाय? अडाणी बाईच्या नादी लागलो नाही.

१० एप्रिल, रविवार

गौरीचा फोन. अव्वा रोज ऐकते ना? मी म्हटलं, हो, चार वाजता. हे अगदीच खोटं नाही. वेळ मी खरंच चारचीच ठरवली आहे, सुरू व्हायची तेवढी बाकी.

मग ती अव्वाशी बोलली. अव्वा फोन कानाला लावून नुसतं हाव, हाव म्हणत राहिली. गौरीनं तिकडून काय विचारलं कुणास ठाऊक, अव्वानं सांगितलं, हाव, जेवले. फोन ठेवल्यावर मला विचारलं, कोण होतं?

नेटवर्क फार खराब झालंय इकडं.

१९ एप्रिल, मंगळवार

टँकर येऊन गेला. आम्हाला पत्ताच नाही. अव्वा ओट्यावर बसलेली होती, टँकर तिच्या समोरून गेला. पलीकडच्या आळीनं पाणी भरून घेतलं, आमची गल्ली कोरडी. धुरपताबाई अव्वावर खेकसली आणि मग तिचा चेहरा बघून गप्प झाली. आता पंधरा दिवस कळशी-कळशी मागून काढायचे.

मी ड्रायव्हरशी भांडायला गेलो. म्हटलं, हॉर्न नीट वाजवत जा. तो म्हणाला, काका, तीनदा वाजवला. आजकाल हॉर्नसुद्धा चायना माल बसवतात.

लातूरला तर आता रेल्वेनं पाणी येऊन राहिलंय. दिवस वाईट आहेत. अशा दिवसांत एक चीज सुरक्षित आहे याचं समाधान.

१ मे, रविवार

जिल्हा नाही. श्रीपादराव म्हणतात १५ ऑगस्ट.

निश्चय. जिल्ह्याची वाट बघणार नाही. बसव जयंती ९ तारखेला आहे. त्या दिवशी सकाळी डबा उघडायचा. धूळ असो, तेल असो. पाणी विकत आणून अव्वाचं डोकं धुवायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

९ मे, सोमवार. बसव जयंती. सकाळी १०

मिरवणूक दुपारी आमच्याच गल्लीतून जाणार. धुरळा, गुलाल, गर्दी. आज उघडणं शहाणपणाचं नाही. उद्या.

तोच दिवस. संध्याकाळी ६

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

मिरवणूक आली. पुढं DJ, माणसाएवढे आठ स्पीकर. खिडक्यांची तावदानं थडथडत होती. स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण नाचत होतं. मी कानांत बोटं घातली. अव्वाला दारात खुर्ची टाकून दिली होती. तिनं हात जोडले, फुलं टाकली. मिरवणूक पुढं गेल्यावर मला जवळ बोलावलं. म्हणाली, यंदा मिरवणूक मुकी कामून रे? दुष्काळामुळं वाजंत्री बंद केली का?

मी मान हलवली. हो म्हटलं.

ती म्हणाली, बरं केलं. लोकाला पाणी न्हाई अन् वाजवायचं कशाला.

मला एकदम भीती वाटली. लहानपणी किल्ल्याच्या खंदकात पाय घसरला होता तेव्हा वाटली होती तशी. चप्पल न घालता दुकानाकडं पळालो. निम्म्या वाटेत आठवलं, किल्ली घरी. परत आलो. सौ.नं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, सकाळी जातो.

१० मे, मंगळवार

सकाळी सातला डबा उघडला. वास डाळीचा.

गाद्या फुगल्या होत्या, तळलेल्या वड्यासारख्या. उचलायला गेलो तर वरचं काळं कातडं बोटांना चिकटून आलं. मी पुसत गेलो, ते निघत गेलं. आतून पिवळा स्पंज. बटण दाबलं. लाईट नाही. घरी आणून चार्जिंगला लावले. लाल ठिपका दोनदा लुकलुकला आणि गेला.

बॅटरीला एवढे दिवस विश्रांती दिल्यामुळं आळस आला असणार. रात्रभर लावून ठेवू.

११ मे

रात्रभर लाईटच नव्हती.

१२ मे

लाईट होती. ठिपका नाही.

१६ मे, सोमवार

पहिल्या ST नं लातूर. मोबाईल दुरुस्तीवाला. त्यानं एक बाजू खोलली, वास घेतला, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, काका, याला फोडणी दिली होती का? दुकानातले चार जण हसले. मी त्याला डाळीचं शास्त्र सांगायला लागलो, त्यानं हातानं थांबवलं. तेल पार आत स्पीकरच्या पडद्यापर्यंत गेलंय. बॅटरी मेली. कंपनीलाच पाठवा, ते पण घेणार नाहीत म्हणे.

कंपनीला पाठवायचं तर बिल गौरीकडं. म्हणजे गौरीला सांगावं लागणार. म्हणजे नाही.

तिथूनच कानाच्या डॉक्टरांकडं गेलो, एकटाच. विचारलं, आता दुसरे, नवे, याहून भारी हेडफोन घेतले तर? त्यांनी विचारलं, पेशंटला ढोल ऐकू येतो का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग खर्च करू नका.

बसमध्ये मोबाईल कानाला लावून मीच ऐकलं. अख्खं भजन. शेवटाला, सिद्धे, चहा टाक. माणक्या, हात नको लावू, मोडशील. निम्मी वाट सरेपर्यंत तेवढं शेवटचंच बारा वेळा ऐकलं. माझे कान एकदम चांगले आहेत.

२० जून, सोमवार

सौ.ला सांगून टाकलं. मला वाटलं भांडेल. तिनं अव्वाचं जुनं इरकल लुगडं फाडून दोन गोल खोळी शिवल्या, गाद्यांवर चढवल्या. हिरव्या रंगाच्या. दिसायला कंपनीपेक्षा बरे दिसतात.

२ ऑगस्ट, मंगळवार

गौरीचा फोन. पंचमीला माहेरी येते म्हणाली. रविवारी. अव्वाला ऐकताना बघायचंय म्हणे, व्हिडिओ काढायचाय.

चार दिवसांत मार्ग काढतो. सांगेन की नुकतेच, कालच बिघडले. व्होल्टेजमुळं. उदगिरात व्होल्टेजवर कुणीही विश्वास ठेवतं.

७ ऑगस्ट, रविवार. नागपंचमी

जसं झालं तसं लिहितो.

गौरी तीनला आली. आल्या-आल्या तेच. मी व्होल्टेजचं सुरू करणार तेवढ्यात तिनं टेबलावरचे हेडफोन उचललेसुद्धा. हिरव्या खोळी बघून हसली, मस्त शिवल्या म्हणाली, आणि सरळ अव्वाच्या कानावर चढवले. अव्वाचं डोकं सौ.नं सकाळीच धुतलं होतं. पंचमीचं.

अव्वा ताठ बसली. डोळे मिटले. आणि मांडीवर बोटांनी ताल धरला.

गौरी माझ्या मोबाईलमध्ये ते गाणं शोधत होती. अजून लावलंच नव्हतं. तिनं मान वर करून अव्वाकडं बघितलं. हेडफोनचं बटण दाबलं. परत दाबलं. मग माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो.

अव्वाचा ताल चालूच. चांगली दहा मिनिटं. मग डोळे उघडले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, लई स्वच्छ ऐकू यायलंय गं पोरी! आणि उठली. गौरीनं हात धरून खुणेनं विचारलं, कुठं? अव्वा म्हणाली, चहा मागायलेत की.

ती आत गेल्यावर गौरीनं मला विचारलं, अप्पा, किती वेळा ऐकवलंत? खरं सांगा. मी सांगितलं. एकदा. तूच ऐकवलंस ते.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, पाठ करून, तिचे खांदे हलत होते. सौ. आत निघून गेली. मी एकटा टेबलापाशी. माझ्यामुळं. माझ्या आईनं नवऱ्याचा आवाज शेवटचा ऐकला तो एकदाच, आणि तोसुद्धा मी तिच्या कानावरून ओढून काढला. हे कुठं तरी लिहून ठेवायला पाहिजे म्हणून इथं लिहितो.

अव्वा चहा घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर ठेवला. माझ्याकडं बघून हसली का, ते नक्की सांगता येत नाही. पोरीसमोर मला वाचवलं, का तिला खरंच ऐकू आलं? विचारायची सोय नाही. ओरडून विचारलं तरी पोचणार नाही, आणि तिला वाचता येत नाही.

११ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

पाऊस यंदा भरपूर झाला. टँकर बंद. नळाला चौथ्या दिवशी पाणी. अव्वाचं डोकं दर सोमवारी धुतात. धूळ बसली, हवा गार आहे. म्हणजे माझ्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या. जिल्हा तेवढा राहिला. श्रीपादराव २६ जानेवारी म्हणतात.

हेडफोन आता कपाटात नसतात. अव्वाच्या उशाशी खुंटीला असतात. रोज चार वाजता मीच तिच्या कानावर चढवतो, खोळी सारख्या करतो. अर्धा तास ऐकते. चार्जिंग लागत नाही.

मग उठते, चहा टाकते आणि मला आणून देते. साखर अण्णांच्या मापानं, तीन चमचे. मला शुगर आहे. पितो.